व्यसन : आजार एकाचा, उपचार समाजाचा

(गारगोटी येथील भाषणाचा सारांश)



१३ डिसेंबर १९४२ रोजी याच गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात जणांनी प्राणांची आहुती दिली. त्याच भूमीतील एखादा तरुण आज दारूच्या आहारी जातो, तेव्हा ‘घराण्याला कलंक लागला’ म्हणून कुटुंब ते झाकून ठेवते. पहिली चूक येथेच होते.

व्यसनाधीनता हा निव्वळ दुर्गुण नव्हे; तो आजार आहे. मादक द्रव्यांमुळे मेंदूतील सुखसंवेदनेची यंत्रणाच बदलते. मात्रा वाढत जाते आणि द्रव्य न मिळाल्यास शरीर बंड करते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर हातपाय थरथरतात, भास होतात, प्रसंगी झटके येऊन जीवही धोक्यात येतो. म्हणून शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठावा.

परंतु औषध शरीर सावरते. माणूस उभा करण्यास माणसेच लागतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभारले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास आर्थिक पाठबळ दिले. तेथे औषधोपचाराला समुपदेशनाची व समूहचर्चेची जोड मिळाली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट झाला. कारण पितो एक, होरपळते अवघे घर.

खरी कसोटी गावी परतल्यावर असते. ‘बेवडा’ हीच हाक कानी पडली, कोणी काम दिले नाही, तर जुनी संगतच जवळची वाटते. पाय पुन्हा घसरला, तर आजार उलटला असे समजून उपचार करावेत. शाखेत, तालमीत, भजनी मंडळात त्याला हक्काची जागा द्यावी. संघटन म्हणजे तरी दुसरे काय?