न दिसणाऱ्या रुग्णाशी इमान

(अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या औद्योगिक प्रशिक्षणाच्या प्रारंभी झालेल्या भाषणाचा सारांश)



औद्योगिक प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र मिळविण्याची औपचारिकता, असा समज अलीकडे रूढ होत आहे. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात शिरताना हा समज उंबऱ्याबाहेरच ठेवावा लागतो.

हृदयाच्या कृत्रिम झडपेचे उदाहरण घ्या. मिनिटाला ७० ठोके धरले, तर ती वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते व मिटते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अशी स्वदेशी झडप घडली. पहिले तीन नमुने अपयशी ठरले. प्रत्येक अपयशाचे कारण शोधून रचना आणि साहित्य बदलण्यात आले. चौथा नमुना कसोटीस उतरला आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. अपयश लपविले असते, तर हे यश आलेच नसते.

हाच धडा कारखान्यात नोंदपत्रकातून गिरवावा लागतो. घड्याळ, अंगठी बाहेर ठेवून, टोपी, मुखपट्टी व अंगरखा चढवून क्लीनरूममध्ये प्रवेश मिळतो. कच्चा माल कोठला, मोजमाप कोणी घेतले, निर्जंतुकीकरण केव्हा झाले, हे सारे बॅच क्रमांकासह लिहिले जाते. आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. एक रेघ मारून शेजारी योग्य आकडा, सही आणि दिनांक. पुढे दोष आढळला, तर याच नोंदींवरून त्या बॅचची उपकरणे परत मागविता येतात.

खरी कसोटी सायंकाळी लागते. गाडी दाराशी उभी असते, २५ नग मोजायचे असतात, मोजून झालेले असतात २०. “उरलेले ठीकच असतील, आकडे भरून टाक,” असे कोणी सहज सांगते. शिकाऊ उमेदवाराला त्या क्षणी ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. परंतु न मोजलेल्या पाचांपैकी एक नग कोणाच्या तरी आईच्या हृदयाशी जाणार असतो.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्गही ठरले आहेत. तथापि निरीक्षक प्रत्येक टेबलापाशी उभा राहू शकत नाही. तेथे उभे असते ते घरात झालेले संस्कारच. म्हणून पालकांनी मुलांना विद्यावेतन किती, हे जरूर विचारावे, पण त्याआधी विचारावे, “आज सही कशावर केलीस, आणि ते स्वतः तपासलेस ना?”