परदेशात उतरलो, आता फिरायचं कशानं?



अलीकडे आपल्या गावांतूनही बाया परदेशी सहलीला निघायला लागल्या आहेत. कुणाला मुलगा-सून घेऊन जातात, कुणी चौघीजणी मिळून महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात आणि जातात. निघण्याआधी हॉटेल कसं आहे, शाकाहारी जेवण मिळेल का, कपडे कोणते घ्यायचे, हे सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र राहून जातो. तिथे पोचल्यावर इकडून तिकडे जायचं कशानं?

प्रश्न छोटा वाटतो, पण अख्खी सहल त्यावर उभी असते. जाण्यायेण्याची सोय नसली, की एवढे पैसे घालून गेलेली बाई दिवसभर खोलीत बसते. "तुम्ही जाऊन या, मी इथंच बरी" असं ती म्हणते, तेव्हा बऱ्याचदा तिचे गुडघे बोलत असतात. मन तर समुद्रावर जाऊन पोचलेलं असतं.

उदाहरण म्हणून आपण मॉरिशस घेऊ. हिंदी महासागरातलं हे बेट. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या कोकणातूनही माणसं तिथे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. त्यांच्या वंशजांनी मराठीपण जपलंय, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना तिथे जायची ओढ असते.

बेट लहान आहे. लांबी साधारण 65 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा. रुंदी 45 किलोमीटर. पण लहान म्हणून सगळं जवळ, असं धरून चालू नका. विमानतळ आहे आग्नेयेला आणि ग्रां बे हा पर्यटकांचा मोठा किनारा आहे पार उत्तरेला. मध्ये राजधानी पोर्ट लुई. तिथे सकाळ-संध्याकाळ गाड्यांची गर्दी होते. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी नकाशा उघडा. काय काय बघायचंय त्यावर खुणा करा आणि त्या खुणांच्या सोयीनं मुक्काम निवडा. खोली थोडी स्वस्त मिळाली, पण रोज दोन तास रस्त्यात गेले, तर ती स्वस्ताई कसली?

आता साधनं बघू.

पहिलं साधन बस. आपल्या एसटीसारखीच ती बेटभर फिरते. तिकीट गाडीतच मिळतं, ते उतरेपर्यंत जपून ठेवा. सगळ्यात स्वस्त प्रवास हाच. पण गावांकडच्या बस संध्याकाळनंतर कमी होतात आणि लवकर बंद होतात. शिवाय आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. जून-जुलैत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे बसनं जायचं तर जाताना आधी परतीची शेवटची गाडी विचारा.

दुसरं साधन मेट्रो. भारताच्या मदतीनं झालेली ही गाडी 2020 पासून लोकांसाठी सुरू झाली आणि 2022 मध्ये क्युरपीपपर्यंत पोचली. पोर्ट लुई आणि मधल्या शहरांसाठी ती फार सोयीची. राजधानीतला आप्रवासी घाट बघायचा, जिथे आपले मजूर जहाजातून उतरले, तर मेट्रोनं जाऊन पुढे थोडं चालता येतं. मात्र ती विमानतळाला जात नाही, आणि ग्रां बेसारख्या किनाऱ्यांनाही नाही.

तिसरं साधन टॅक्सी. इथे बसण्याआधी भाडं ठरवायचं, आणि एक गोष्ट विसरायची नाही. तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात, पण तो मॉरिशसचा रुपया, आपल्यापेक्षा महाग. "दोन हजार" ऐकलं की आपल्या मनात आपले दोन हजार येतात. तेव्हा निघायच्या दिवशीचा दर लिहून जवळ ठेवा. भाडं माणशी आहे की गाडीचं, जाऊन-येऊन आहे की एकाच बाजूचं, थांबण्याचे पैसे वेगळे का, हे तिन्ही विचारा आणि ठरलेला आकडा कागदावर लिहून चालकाला दाखवा.

दूरच्या ठिकाणांना दिवसभराची गाडी चौघींत परवडते. समजा दिवसाचे तीन हजार ठरले, तर माणशी साडेसातशे पडले. शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव ही ठिकाणं डोंगराळ भागात आहेत. तिथे बस बदलत जाण्यात दिवस मोडतो. तिथे गाडीच बरी. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र गंगा तलावाकडे लाखो लोक पायी निघतात. रस्ते भरून जातात. त्या दिवसांत जायचं असेल तर गाडी कुठवर जाईल, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

चौथं साधन, भाड्याची गाडी स्वतः चालवणं. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. ज्याला किंवा जिला रोजचा सराव आहे, त्यांनीच हे करावं. आपला परवाना तर हवाच, शिवाय आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. गाडी घेताना अनामत किती अडकणार आणि अपघात झाला तर विमा किती भरणार, हे आधी वाचा. गाडीवर आधीचे ओरखडे असतील तर त्यांचे फोटो काढा. डोंगरातले रस्ते अरुंद असतात. अंधारात नव्या वाटेनं जाऊ नका.

मुली म्हणतील, स्कूटी घेऊ. परवान्यात दुचाकी नसेल किंवा हेल्मेट नसेल, तर प्रवासाचा विमा सहसा पैसे देत नाही. परदेशात हाड मोडलं तर दवाखान्याचं बिल सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं.

आणखी एक, होडी. इल ओ सर्फसारख्या छोट्या बेटावर जाताना अंगात जीवरक्षक जाकीट घाला आणि परतीची शेवटची होडी किती वाजता, हे चढण्याआधी विचारा.

मग यातलं निवडायचं काय? एकच साधन सगळ्या दिवसांना पुरत नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंत सामान असतं, थकवा असतो, तेव्हा आधी ठरवलेली गाडी. शहर बघायचं त्या दिवशी मेट्रो किंवा बस. डोंगराकडे जायचं त्या दिवशी चौघींत एक टॅक्सी. आणि मधे एक दिवस कुठेच न जाता, पायी पोचता येईल अशा किनाऱ्यावर. असं दिवसवार लिहून काढलं, की खर्चही समोर येतो.

सहल कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी "ट्रान्सफर" या शब्दाकडे नीट बघा. पुष्कळदा त्याचा अर्थ विमानतळ ते हॉटेल आणि परत, एवढाच असतो. रोजची गाडी त्यात आहे का, किती वेळ आहे, संध्याकाळी सोडणार का, हे लेखी घ्या. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत तिथे चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळाचा इशारा वाढला की बस थांबतात, विमानंही थांबतात. तशा वेळी पैसे परत मिळतील का, हेही विचारा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ही बैठक पुरुषांवर किंवा मुलांवर सोडू नका. ज्या बाईला जास्त चालवत नाही, जिला बस लागते, जिला वारंवार लघवीला जावं लागतं, तिनं ते आधीच मोकळेपणानं सांगावं. त्यात लाजायचं काही नाही. गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईच्या सोयीनं बेत आखला, की कुणीच मागे राहत नाही.

पैसे भरण्याआधी सगळ्याजणी एकदा बसा. कोण येणार, कुठे जाणार, कशानं जाणार आणि परत कशानं येणार, हे चार प्रश्न वहीत लिहा. चारही उत्तरं मिळाली की मगच आगाऊ रक्कम द्या. हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येकीच्या पर्समध्ये कागदावर असू द्या. मोबाइलची बॅटरी उतरली तरी कागद दाखवून बाई परत येते.

सुखानं जा, सगळ्याजणी बघून या.