ग्रहण, गर्भ आणि एक जनुक



तमिळनाडूत कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे राहूचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. राहू चंद्रसूर्यांना ग्रासतो ही कथा महाराष्ट्रातही घरोघरी ठाऊक आहे, आणि तिच्यासोबत आलेली बंधनेही. ग्रहणात गर्भवतीने विळी हाती धरू नये, काही चिरू नये. पुढे मुलात व्यंग आढळले, तर दोष मातेच्या माथी येतो. म्हणूनच गर्भातील मेंदू कसा घडतो, हे जाणणे अगत्याचे आहे.

गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत पेशींचा सपाट पट्टा वळून त्याची बंद नलिका होते. तिच्या अग्रभागातून मेंदू आकारास येतो. तेथील कोणत्या पेशींनी काय व्हायचे, हे ठरविण्यात जनुकांचा मोठा वाटा असतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भांवर केलेले संशोधन २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता ‘एलएचएक्स-२’ हे जनुक. ज्या पेशींत ते कार्यरत असते, त्या विचार आणि संवेदना सांभाळणारे मेंदूचे बाह्यावरण घडवितात. ज्यांत ते नसते, त्यांपैकी काही पेशी त्या आवरणाची कड बनतात. ही कड शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस घडविण्याचा संकेत देते. संशोधकांनी काही विखुरलेल्या पेशींतून हे जनुक काढले, तेव्हा भलत्याच ठिकाणी कडा उमटल्या आणि त्यांच्या शेजारी जास्तीचे हिप्पोकॅम्पस आकारू लागले. मात्र या निवडीची संधी मेंदूच्या घडणीच्या अगदी आरंभी, अल्पकाळच असते.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि प्रत्येक व्यंगाचे कारण एकच जनुक नसते. तरीही मेंदूची पायाभरणी किती लवकर होते, हे त्यांतून उमगते. मानवी गर्भातील ती नलिका मिटते, तेव्हा अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचे ठाऊकही नसते. तिच्यातील काही दोष फॉलिक ॲसिडने टळू शकतात. म्हणून गर्भधारणेच्या आधीपासूनच ते रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते.

ग्रहणाच्या घटकांना विळी दूर ठेवण्यापेक्षा, विवाहित लेकीसुनेला ही गोळी वेळेवर मिळते की नाही, याची चौकशी घराने करावी. आणि एखादे मूल वेगळे जन्मले, तर त्याच्या आईला ग्रहणाचा हिशेब विचारू नये.