घान्याची म्हैस आणि शास्त्राचा धडा



राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव घाना राष्ट्रीय उद्यान अवघे 29 चौरस किलोमीटरांचे आहे. पक्ष्यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. परंतु निसर्गरक्षण आणि लोकशाही यांचे नाते काय असावे, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्यानेही त्याचा इतिहास अभ्यासावयास हवा.

ही पाणथळ माणसाच्या हातून घडलेली आहे. सखल जमिनीत अजान बांधाचे पाणी सोडून ती राखली गेली. संस्थानी राजवटीत ते शिकारीचे राखीव रान होते. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4273 पक्षी पडले. उद्यानातील शिलालेखावर त्याची नोंद आहे. भोवतालच्या खेड्यांतील लोक मात्र तेथे पिढ्यानुपिढ्या गुरे चारीत, गवत कापीत, वाळ्याची मुळे खणीत.

पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मज्जाव आहे. पक्षितज्ञांचाही कौल बंदीच्याच बाजूने होता. गावकऱ्यांना विश्वासात न घेता, पर्यायी चाऱ्याची सोय न करता, 1982 च्या नोव्हेंबरात बंदी लागू झाली. संघर्ष उसळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकऱ्यांचे बळी गेले. ज्यांनी पक्ष्यांचे ढीग रचले, त्यांच्या नावे शिलालेख उभा राहिला. ज्यांच्या म्हशी गवत खात होत्या, त्यांच्या वाट्याला गोळी आली!

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी 1980 ते 1990 अशी दहा वर्षे या पाणथळीचा अभ्यास केला. बंदीच्या आधीपासून नोंदी चालू असल्यामुळे आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता आली. निष्कर्ष अपेक्षेच्या विरुद्ध निघाला. म्हशी चरायच्या थांबताच पास्पॅलम जातीचे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांना ती जागा प्रतिकूल झाली. पक्ष्यांची वैरीण ठरविलेली म्हैस त्यांच्या अधिवासाची राखणदार होती.

हा निष्कर्ष दडपला गेला नाही, हे त्या संशोधकांचे मोठेपण होय. परंतु जे समजावयास शास्त्राला दशक लागले, त्याचा बराचसा भाग गुराख्याला ठाऊक असणार. त्याला विचारले कोणी? सायबेरियन क्रौंचाचेही तसेच. वाळा खणल्याने माती भुसभुशीत होई आणि क्रौंचांना जमिनीतील कंद उकरणे सोपे जाई, असे जवळच्या अघापूरचे ग्रामस्थ सांगत आले. 2001-02 च्या हिवाळ्यानंतर ते क्रौंच घान्यात दिसले नाहीत. स्थलांतराच्या मार्गावरील शिकारीसारखी अन्य कारणेही त्यामागे आहेत. म्हणून ग्रामस्थांचे म्हणणे वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. पण ते तपासून पाहण्याजोगे गृहीतक निश्चितच आहे. लोकांचे ज्ञान डोळे मिटून स्वीकारणे आणि डोळे मिटून झिडकारणे, दोन्ही सारखेच अशास्त्रीय!

याच उद्यानाने दुसरी वाटही दाखविली आहे. पर्यटकांना आत नेणाऱ्या सायकलरिक्षावाल्यांना वनखात्याने पक्ष्यांची माहिती दिली. आज ते पक्षी ओळखून दाखवितात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. लोकशिक्षण याला म्हणावे. फलक लावून आणि सप्ताह साजरे करून जे साधत नाही, ते श्रमिकाच्या पोटाशी आणि प्रतिष्ठेशी जोडल्यावर साधते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाच्या रक्षणाचा अधिकार दिला. साधने हाती आहेत. ठेकेदाराकडून भरून घेतलेली वही कपाटात पडून राहील. गुराखी, वैदू, कोळी आणि लाकूडफाटा आणणाऱ्या स्त्रिया यांच्यासोबत रानात हिंडून भरलेली वही गावाच्या हक्काचा दस्तऐवज ठरेल. महाराष्ट्रात अभयारण्यालगतच्या प्रत्येक गावी कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. बंदीचा हुकूम निघण्यापूर्वी गुराख्याला प्रश्न विचारला गेला पाहिजे. गोळीबारानंतर निघालेले शहाणपण फार महाग पडते.