वणवा, घाणेरी आणि गवत
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही वनखात्यातले, डिप्लोमावाले. वायरलेसवर बोलायची सवय आहे, माइकवर नाही. सांभाळून घ्या.

पचमढी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. त्याच सातपुड्यात बोरीचं जंगल आहे, १८६५ साली राखीव झालेलं. अशा जंगलात वणवा आपोआप क्वचितच लागतो. काडी बहुधा माणसाचीच असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. (आपण इंदूरकर त्याला महुआच म्हणतो.) वाळक्या पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली पाला पेटवतात. वेचणारी बाई काही जंगलाची वैरीण नाही, तिच्या घरचं वर्षाचं मीठ-तेल त्या फुलांवर असतं. तिला दंडाची भीती घालून आम्ही फार काही मिळवलं नाही. पाला झाडून घ्या, झाडाखाली जाळी बांधा, फूल स्वच्छ मिळतं आणि भावही बरा येतो, हे पटलं तिथे काड्या थांबल्या.

आता आमच्या हातची गोष्ट. जाळरेषा म्हणजे जंगलातला पट्टा साफ करून आधीच जाळून ठेवणं, म्हणजे पुढे आलेली आग तिथे उपाशी मरते. आमच्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. काम त्याआधी उरकायचं. एका ठिकाणी मजुरीचे पैसे अडकले, माणसं आली नाहीत, आणि आम्ही फेब्रुवारीअखेर, तेही दुपारी, काडी लावली. वारा फिरला. रात्रभर हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो. दोन वर्षं राखलेलं कुरण सकाळी काळं पडलं होतं. अहवालात ‘कारण अज्ञात’ लिहिता आलं असतं. खरं लिहिलं. मेमो मिळाला, तो अजून घरी फाइलीत आहे.

त्या कुरणात पावसानंतर पहिली वर आली ती घाणेरी. तिचं हेच आहे. आग लागली की बाकीची रोपं मरतात, ही बुंध्यापासून पुन्हा फुटते. गवताला ऊन मिळू देत नाही, आणि वाळलेल्या झुडपावरून पुढची आग थेट झाडाच्या फांद्यांत चढते. वरून छाटली तर दुप्पट येते. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मूळ तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं उपटावी लागतात. फोटो काढण्यासारखं काम नाही, त्यामुळे बजेटमध्ये ते शेवटी येतं. आमचं मत विचाराल तर नवी रोपं लावण्याआधी पैसा इथे घालावा.

कारण गवत परत आलं की खाणारे येतात. बारशिंगा जवळजवळ गवतावरच जगतो. १९७० मध्ये कान्हात ६६ उरले होते. कुरणं राखली, तेव्हा ते इतके वाढले की २०१५ पासून काही सातपुड्यात आणून सोडता आले.

महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन विदर्भातून हजारो लोक येतात, आपल्यातलेही जातात. तो नेमका आगीचा हंगाम. वाटेत चूल मांडलीत तर निघताना पाणी ओता आणि राखेत हात घालून बघा. हाताला ऊन लागलं तर आणखी एक बादली.