घंटा रुग्णाची, घड्याळ कुणाचं?

(परिचारिका आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



रुग्णाच्या हक्कांसाठी आपण वर्षानुवर्षं भांडत आलो आहोत. आज मला रुग्णाच्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या बाईबद्दल, म्हणजे आम्हा परिचारिकांबद्दल बोलायचं आहे. विषय साधा आहे : पलंगाजवळची घंटा.

या घंटेचा इतिहास मोठा बोलका आहे. १८५३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था बघायला लागल्या. त्यांनी आग्रह धरला की सगळ्या घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात, आणि जी घंटा वाजेल तिची झडप उघडून तशीच राहावी, म्हणजे कुणी बोलावलं ते बघताक्षणी कळेल. गरम पाणी नळानं प्रत्येक मजल्यावर यावं, जेवण वर चढवायला यंत्र असावं, असंही त्यांनी मागितलं. कारण त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. या सोयी नसतील तर परिचारिका म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन बसते. म्हणजे घंटा आली ती परिचारिकेचे पाय वाचवायला.

आता आजची घंटा बघा. मोठ्या खाजगी रुग्णालयात रुग्णानं बटण दाबलं की दारावर दिवा लागतो, आमच्या टेबलावरच्या फलकावर पलंगाचा नंबर येतो आणि आत एक घड्याळ सुरू होतं. सिस्टरनं पलंगापाशी जाऊन तिथलं बटण दाबलं की ते थांबतं. किती वेळ लागला त्याची नोंद होते, महिनाअखेरीस त्याचा तक्ता निघतो. मी काम केलं त्या रुग्णालयात तीन मिनिटांची मर्यादा होती. मर्यादा ओलांडणाऱ्या सिस्टरचं नाव मीटिंगमध्ये वाचलं जाई. रात्रपाळीला अठ्ठावीस रुग्ण आणि आम्ही दोघी होतो, हे मात्र त्या तक्त्यात कुठेच नसे.

घड्याळाला एवढंच कळतं की घंटा वाजली. सलाईन संपलं म्हणून वाजली, छातीत दुखतंय म्हणून वाजली, बेडपॅन हवं म्हणून वाजली की टीव्हीचा रिमोट सापडत नाही म्हणून वाजली, हे त्याला कळत नाही. एकीकडे मी एका आजोबांना धरून संडासला नेते आहे, दुसरीकडे घंटा वाजते आहे. आजोबांचा हात सोडला तर ते पडतील, नाही सोडला तर माझं नाव तक्त्यात लागेल. हा प्रश्न आम्हाला एका पाळीत दहा वेळा सोडवावा लागतो.

मग काय होतं? सिस्टर धावत जाते, बटण दाबते, ‘आलेच हं आजी’ म्हणते आणि अर्धवट टाकलेल्या कामाकडे परत पळते. कागदावर वेळ झकास लागते. आजी मात्र बेडपॅनची वाट बघत तशाच पडून राहतात. म्हणजे यंत्रानं मोजलं काय? रुग्णाची सेवा नाही, आमचं पळणं मोजलं. नाइटिंगेलबाईंना नको असलेली पायांची जोडीच त्यांच्याच घंटेला घड्याळ जोडून पुन्हा तयार केली.

यात धोका रुग्णाचाच आहे. २०१० साली सिडनीतल्या दोन रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९८ परिचारिका औषधं देत असताना त्यांचं निरीक्षण केलं होतं. कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययाबरोबर औषधाच्या चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. घाईघाईत भरलेल्या इंजेक्शनची किंमत कोण मोजतं, हे मी सांगायला नको.

काही मैत्रिणी विचारतील, घंटा वाजवून तासभर कुणी फिरकत नाही त्या बाईनं काय करायचं? तिची तक्रार खरी आहे. आम्हीही कधी रुग्ण असतो, कधी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या मुली-सुना असतो. पण तिला ताटकळत ठेवणारी सिस्टर आळशी आहे, हे उत्तर व्यवस्थापनाच्या सोयीचं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, तर इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी ३० टक्के जास्तीच्या जागा हव्यात. हे निकष पाळायचे तर पगार द्यावे लागतात. घड्याळ एकदाच विकत घेतलं की झालं!

आणि हे घड्याळ कुणाच्या मागे लावलं जातं? मोठे डॉक्टर राउंडला दोन तास उशिरा आले तर त्याचा तक्ता निघत नाही. आमचं काम बाईचं काम, सेवेचं काम. घरात हाक मारली की बाईनं हातातलं टाकून उठायचं असतं, तीच अपेक्षा वॉर्डात यंत्रानं पक्की केली आहे. वर चेहऱ्यावर हसू हवं. कंत्राटी मुलगी तर तोंडही उघडू शकत नाही, अकरा महिन्यांनी कागद पुढे सरकेल की नाही ही टांगती तलवार असते.

पण बायांनी यंत्राला नाही म्हटल्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. इंग्रजी ॲपमध्ये माहिती भरायची सक्ती त्यांना मान्य नव्हती. त्यांचा विरोध मोबाईलला नव्हता. काम अवघड करणाऱ्या साधनाला आणि सक्तीला होता. तिकडे कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेनं लढून १९९९ साली कायदा करून घेतला. २००४ पासून तो लागू झाला, आणि २००५ पासून तिथे सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. त्यांनी मिनिटांऐवजी माणसं मोजायला लावली.

आमचंही म्हणणं तेच आहे. घंटा राहू द्या, ती रुग्णाच्या हक्काची आहे. पण जिथे वेळेचा तक्ता लागेल तिथे त्याच्या शेजारी त्या पाळीला किती रुग्ण होते आणि किती परिचारिका होत्या, हे लिहिलंच पाहिजे. त्या तक्त्यावरून कुणाचा पगार कापता कामा नये की कुणाला नोटीस देता कामा नये. आणि असं यंत्र बसवण्याआधी वॉर्डातल्या सिस्टर, मावशी, मामा यांना विचारलं पाहिजे.

तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. रुग्णालयाविरुद्ध तक्रार घेऊन कुणी बाई तुमच्या केंद्रात आली, तर तिची तक्रार जरूर लिहून घ्या. फक्त तिला आणखी एक प्रश्न विचारा : त्या रात्री वॉर्डात सिस्टर किती होत्या? हे उत्तरही अर्जात लिहा. असे पन्नास अर्ज जमले, तर घड्याळ कुणाकडे वळवायचं ते आपण मिळून ठरवू.