दवाखान्याचे बिल : दान नको, हिशेब हवा



घरात मोठे आजारपण आले की आपले कुटुंब दोन भयांनी ग्रासले जाते. एक मृत्यूचे व दुसरे बिलाचे. मृत्यूपुढे मनुष्याचा इलाज चालत नाही. परंतु बिल हा माणसानेच लिहिलेला कागद आहे आणि तो तपासता येतो. नांदेड व लातूरच्या खासगी दवाखान्यांत आपले लोक हात जोडून "साहेब, काही कमी करा" अशी विनवणी करतात आणि उरलेल्या रकमेसाठी सावकाराचे दार ठोठावतात. विनवणीने मिळते ते दान. ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, दान मागू नका, हिशेब मागा.

अनामत रक्कम भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. पहिला : हा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे काय? २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू असून संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. शिधापत्रिका घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटा.

दुसरा प्रश्न : हा दवाखाना धर्मादाय विश्वस्त संस्थेचा आहे काय? असल्यास सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाचे कलम ४१ अअ व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना त्यास बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. चालू आकडा धर्मादाय सहआयुक्त वा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजारपण येण्याआधीच काढून ठेवा.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' आले तरी मार्ग संपत नाही. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे दर दर्शनी जागी लावणे भाग आहे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. खोलीचा दर्जा वाढला की केवळ भाडेच नव्हे, अनेक ठिकाणी डॉक्टरांची व शस्त्रक्रियेची फीदेखील वाढते. म्हणून सामान्य कक्ष मागण्यात कमीपणा मानू नका. औषधे दवाखान्याच्याच दुकानातून घेण्याची सक्ती मान्य करू नका. बिल बाबवार मागा : कोणते औषध किती दिले, परत केलेले वजा झाले काय, एकच तपासणी दोनदा लागली काय. तपासणीने बिल उतरते, हे कोविडच्या साथीत दिसले. मे २०२० मध्ये शासनाने साध्या खाटेस दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता कक्षात ७५०० व कृत्रिम श्वसनयंत्रासह ९००० असे कमाल दर ठरविले, बिले तपासण्यास लेखापरीक्षक नेमले आणि अनेकांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले.

चुका वगळल्यावर जे देणे उरते ते खरे देणे आहे. डॉक्टर व परिचारिकांच्या श्रमाचे मोल आपण नाकारीत नाही. तेथे व्यवस्थापकास निश्चित आकडा सांगा : आज इतके देतो, इतकी सूट द्या, उरलेले अमुक हप्त्यांनी. ठरेल ते लेखी घ्या. प्रत्येक रकमेची पावती घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, जमिनीचे कागद देऊ नका. आणि आवाज चढवू नका. दवाखान्यातील मोडतोड व मारहाण हा २०१० च्या राज्य अधिनियमाखाली अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याने आपली खरी बाजूही खोटी पडते.

बिल बाकी आहे म्हणून रुग्णास किंवा मृतदेहास अडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत हे नमूद आहे. जिवंत माणसास कोंडणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. बाकी वसूल करण्यास दिवाणी न्यायालय आहे. मनुष्य हा तारण नव्हे.

तक्रार शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगही खुला आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तेथे फी लागत नाही.

प्रत्येक वस्तीत एका शिकलेल्या तरुणाने वा तरुणीने हे काम अंगावर घ्यावे. रुग्णाच्या आईबापांना त्या घटकेला बिल वाचण्याचे भान नसते. त्यांच्या शेजारी उभे राहून कागद वाचणारा एक माणूस असला, तर एखाद्या घराची दोन एकर जमीन वाचेल.